एक छत्री आणि दोन आकाशे

भूस्थिर उपग्रह शिकवताना मी शाळेत मुलांना ध्रुवाची आठवण करून देत असे. उत्तरेकडचा ध्रुव जसा जागचा हलत नाही, तसे दक्षिणेच्या आकाशात माणसाने टांगलेले हे ध्रुव. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह असला, की पृथ्वीभोवतीची फेरी तो २३ तास ५६ मिनिटांत पुरी करतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते. साहजिकच खालच्या माणसाला तो एका जागी खिळल्यासारखा भासतो. आर्थर क्लार्कने १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात हे गणित मांडले आणि असे तीन उपग्रह साऱ्या पृथ्वीला पुरतील असे सांगितले. तिनावर अर्थातच कोणी थांबले नाही. आज त्या एकाच वर्तुळावर शेकडो उपग्रह पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसले आहेत, आणि ज्याच्या त्याच्या पोटात वेगवेगळ्या भाषा आहेत.

अडचण वर नाही, खाली आहे. छपरावरची छत्री (आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात) एका वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहते. घरात मात्र दोन भाषांची माणसे असतात. एकाच छत्रीत दोन-तीन उपग्रह धरता येतात का, हा प्रश्न तंत्राचा आहे आणि त्याचे उत्तर ‘येतात’ असे आहे. पण धरताना कुणाला कुठे बसवायचे, हा प्रश्न तंत्राचा राहत नाही. निदान आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी तरी तो छत्री बसवणाऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नये, असे मला वाटते.

आधी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. छत्रीचा आकार अन्वस्ताचा असतो. समोरून येणारे सगळे किरण ती एका बिंदूवर, म्हणजे नाभीवर, गोळा करते. तिथे दांडीच्या टोकाला जो डबीसारखा भाग असतो तो एलएनबी. तो छत्रीचा कान. आता दुसरा उपग्रह जर दहा अंश पूर्वेला असेल, तर त्याचे किरण तिरपे येतात आणि परावर्तनानंतर नाभीच्या पश्चिमेला जमतात. आरशासारखाच हा उलटा व्यवहार. तीन फुटी छत्रीत हे अंतर साधारण दहा सेंटिमीटर भरते. त्या जागी दुसरा एलएनबी बसवला की दुसरे आकाश घरात येते. मात्र नाभीवर किरण जसे टोकदार जमतात तसे बाजूला जमत नाहीत, थोडे फाकतात. मध्यावरचा कान सगळे ऐकतो, बाजूचा कान थोडे कमी ऐकतो. जितका बाजूला, तितका कमी.

आमच्या भागाचा आणि उपग्रहाचा संबंध तसा जुना आहे. १९७५-७६ मध्ये भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवले. सहा राज्यांतल्या त्या प्रयोगात कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. दहा फुटी छत्र्या होत्या आणि त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी होती. मला त्यातली एक गोष्ट फार लोभस वाटते. तो उपग्रह एक चित्र आणि त्याबरोबर दोन आवाज पाठवू शकत असे. चित्र एकच, एका खेड्यात त्याला तेलुगू आवाज, दुसऱ्या खेड्यात कन्नड. आपल्याकडे उपग्रहावरून दूरदर्शन आले ते असे जन्मतःच दुभाषी होते.

पुढचा इतिहास वाचकांच्या घराघरांतून घडला आहे, तो मी लांबवत नाही. १९९१ साली स्टारच्या वाहिन्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आली, १९९४ मध्ये कन्नडची उदया आली. खाजगी मराठी वाहिन्यांची मात्र वाट पाहावी लागली. अल्फा मराठी १९९९ ची, ई-टीव्ही मराठी २००० ची. मधल्या पाच वर्षांत सीमाभागातल्या अनेक मराठी घरांतल्या बायका कन्नड मालिका बघायला लागल्या होत्या आणि कुणाचे काही बिघडले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवतो. आमच्या सभांमधून हे कधी कोणी बोलत नाही.

आता आमच्या घरचे. माझ्या मुलाने धारवाडची मुलगी केली. तिच्या वडिलांमागे तिची आई एकटी राहत होती, ती २००९ साली आमच्याकडे राहायला आली. विहीणबाई मला ‘बीगरे’ म्हणत आणि माझ्याशी मराठीतच बोलत. ते मराठी त्यांनी भाजीवाल्या आणि शेजारणी यांच्याकडून उचललेले असल्याने त्यात क्रियापदे कमी आणि मायाच जास्त असे. नातवाला एक आजी होती आणि एक अज्जी होती, फरक जिभेच्या एका दाबाचा. त्या आल्यावर ठरले की त्यांच्या वाहिन्या घरात आल्या पाहिजेत. आमच्या वाहिन्या एका उपग्रहावर, त्यांच्या दुसऱ्यावर. गच्चीवर दुसरी छत्री लावायला जागा होती, पण कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आड येत होत्या. शिवाय मला स्वतःला एका छत्रीत दोन्ही धरून बघायची हौस होती.

गल्लीतलाच छत्री बसवणारा पोरगा आला. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषा तो एका वाक्यात वापरतो. त्याच्या हातात सिग्नल मोजायचे छोटे यंत्र होते. त्याने आधी दोन्ही उपग्रह एकेक करून मध्यावर धरून मोजले. मराठीचा आकडा दणदणीत होता, कन्नडचा बेताचा. मी विचारले, “पावसात काय होणार?” तो म्हणाला, “बाजूचं आधी जातंय, सर. मधलं टिकतंय.”

हे खरेच आहे. या छोट्या छत्र्या ज्या लहरींवर चालतात त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. बेळगावचा आषाढातला पाऊस असल्या लहरी शोषून घेतो आणि विखरून टाकतो. पूर्वीच्या सहा-आठ फुटी जाळीच्या छत्र्यांच्या लहरी साडेसात सेंटिमीटरच्या, त्यांना पाऊस फारसा जाणवत नसे. लहान छत्रीत मात्र उघडिपीच्या दिवशी मध्यावरचे आणि बाजूचे चित्र अगदी सारखे दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही. ढग भरून आले की एक चित्र चौकोनी तुकडे होऊन विरते आणि दुसरे चालू राहते. तेव्हा कळते की मध्यावर कोण होते.

त्या पोराला मी विचारले, “मग मध्यावर कुठले घालायचे?” त्याने क्षणभरही विचार केला नाही. “सर, अशक्त हाय त्येला मधी घालायचं. दांडगं कुठंबी बसतंय.”

त्याच्या धंद्यातला हा साधा नियम आहे, आणि तो सगळीकडचे कारागीर पाळतात. ज्याचा सिग्नल बळकट, त्याला बाजूला बसवले तरी त्याच्याकडे शिल्लक उरते. ज्याचा मुळातच बेताचा, त्याला बाजूला ढकलले तर तो जातो. म्हणून नाभीची जागा अशक्ताची. नीतिशास्त्रावरची जाडजूड पुस्तके जे सांगायला दोन-तीनशे पाने घेतात, ते त्याने पान्हा फिरवता फिरवता सांगितले. पण नियम सोपा असला म्हणजे तो लावणेही सोपे, असे थोडेच आहे?

हरकत घेतली ती आमच्या शेजारच्या अण्णांनी. अण्णा सीमालढ्यातले. १ नोव्हेंबर १९५६ नंतर दरवर्षीच्या काळ्या दिनाला त्यांच्या दंडावर फीत असतेच. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल त्यांच्या कपाटात आहे आणि त्याच्या समासात त्यांच्या अक्षरातल्या शिव्या आहेत. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारले होते की, मास्तर, तुमची छत्री बेंगळुरूकडे तोंड करून का बसवली? ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, कारण दिशा खरोखरच जवळपास तीच होती. ९३.५ अंश रेखांशावरचा उपग्रह बेळगावहून आग्नेयेला दिसतो आणि बेंगळुरूही आग्नेयेलाच. मी त्यांना समजावले की छत्री बेंगळुरूकडे नव्हे, तर क्षितिजापासून ६१ अंश वर पाहते आहे. तिने पाहिलेला बिंदू सुमात्राच्या पश्चिमेला, हिंदी महासागराच्या माथ्यावर आहे. आणि दूरदर्शनची सह्याद्री आणि चंदना या दोन्ही वाहिन्या त्याच बाजूने उतरतात. मुंबई आमच्या वायव्येला, तिकडे तोंड करून छत्री लावली तर काहीच येणार नाही. अण्णांना हे पटले, पण आवडले नाही.

नाभीचा निर्णय ऐकून ते म्हणाले, “मास्तर, बाहेर सगळीकडे आपण बाजूलाच आहोत. पाटी बाजूला, अर्ज बाजूला, शाळा बाजूला. निदान घरात तरी मराठी मध्यावर असू द्या की!”

या वाक्यात जोर आहे, आणि तो मी झटकून टाकू शकलो नाही. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यघटनेत ३५० अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. म्हणजे घटनेनेही बाजूचा एलएनबी बसवायला सांगितले आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाची तक्रार दुसरा कान लावलाच नाही अशी नाही. तक्रार आहे ती हीच की, पाऊस आला की आमचे आधी जाते. उघडिपीच्या दिवसांत कुणीही कुणाला त्रास देत नाही. निवडणुका आल्या, कुठे दगडफेक झाली, एखादा फलक काळा झाला, की मग कुणाचा कागद कोणत्या भाषेत येतो आणि कुणाची एसटी हद्दीवर थांबते, ते दिसू लागते.

पण अण्णांच्या वाक्यातून अण्णांना हवा तो निष्कर्ष निघतो का? बाहेर आपण अशक्त आहोत म्हणून घरात बळकट व्हावे, हे मनाला पटणारे आहे. मात्र घरातला अशक्त कोण, हे बाहेरच्या आकड्यावरून कसे ठरवायचे? तो पोरगा उपग्रहाची ताकद कागदावर वाचून ठरवत नव्हता. वर उपग्रह किती वॅटने ओरडतो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आपल्या गच्चीवर किती पोचते, तेवढे तो मोजत होता. कर्नाटक राज्यात कन्नड बळकट असेल, असो. आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, सहा माणसांत ती बोलणाऱ्या दोन होत्या, आणि त्यांतली एक स्वतःचे घर मोडून आली होती. मोजमाप जिथे राहतो तिथेच घ्यावे लागते. बाहेरच्या अन्यायाची भरपाई घरातल्या दुबळ्याकडून वसूल करायची म्हटली, तर जगात अशी भरपाई वसूल करता येणार नाही असा माणूसच उरणार नाही. आपल्याहून दुबळे कोणी ना कोणी सापडतेच.

दुसरी हरकत आली ती खुद्द विहीणबाईंची, आणि ती मला जास्त जड गेली. त्या म्हणाल्या, “बीगरे, मला मधी नको. पाऊस आला तर मी वाती वळते.” त्यांचे म्हणणे अगदी मनापासूनचे होते. आता ज्याला द्यायचे तोच नको म्हणतो, तेव्हा देणाऱ्याची जबाबदारी संपते का? आपल्या संस्कृतीत ‘नको’ या शब्दाला किती अर्थ आहेत ते सांगायला नको. पाहुणा पहिल्या पुरणपोळीला नको म्हणतो ते वेगळे, दुसरीला म्हणतो ते वेगळे. आयुष्यभर बाजूला बसायची सवय झालेल्या माणसाचे ‘नको’ ही त्याची इच्छा असते की सवय असते, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. मला वाटते, न्याय ही मागितल्यावर द्यायची वस्तू नव्हे. मागणाऱ्यालाच द्यायचे ठरवले तर ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच सोय होते, आणि त्यांना मध्याची गरज नसते. एलएनबी मध्यावरच बसला. विहीणबाईंनी दोन दिवस संकोच केला, तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज मोठा करून मालिका लावली.

दुसरे उपायही आहेत, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. छत्रीला मोटर लावता येते. मग ती पूर्ण लक्ष एका उपग्रहाकडे देते, नंतर वळून दुसऱ्याकडे देते. कुणी बाजूला नाही, जो तो आपल्या वेळेला मध्यावर. ऐकायला हे उत्तम आहे आणि कित्येक दुभाषी माणसे अशीच जगतात. ऑफिसात एक, घरात एक. पण वळायला वेळ लागतो. एकीकडे पूर्ण पाहताना दुसरीकडे पूर्ण पाठ असते. शिवाय एकाच वेळी दोघांना हवे असले तर मोटर निरुपयोगी. मोटर एकट्या माणसासाठी ठीक, कुटुंबासाठी नाही. दुसरा प्रकार वक्राकार लांबट छत्रीचा. तिच्यात एक नाभी नसतेच, नाभींची एक रेघ असते आणि त्या रेघेवर सगळे एलएनबी जवळजवळ सारख्या मानाने बसतात. समतेचे असे प्रत्यक्ष यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. त्याची किंमतही सरळ आहे. तेवढाच सिग्नल प्रत्येकाला द्यायचा तर छत्री मोठी करावी लागते. लहान छत्रीत सगळे सारखे करू म्हटले तर सगळेच पावसात जातात.

आणि एवढे सगळे करून शेवटी दोन्ही एलएनबींच्या तारा एका छोट्या स्विचमध्ये जातात. त्याला डायसेक म्हणतात. तो एका वेळी एकच तार पुढे सोडतो. छत्री दोन्ही आकाशे घेते, पण टीव्हीच्या डबड्याला एकच कळते. घेणे आणि ऐकणे यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सीमाभागातल्या आम्हा लोकांना दोन भाषा येतात याचा अभिमान असतो. तारा दोन्ही आलेल्या असतात हे खरे, पण किती वेळा आपण स्विच फिरवतो? मला कन्नड वर्तमानपत्र वाचता येते, आणि मी ते वर्षातून पाच-सहा वेळा वाचतो. बाकीच्या दिवशी ती तार नुसती लटकते.

जुन्या काळच्या प्रक्षेपणात एक सुख होते, त्याचा इथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सिग्नल अशक्त असला की चित्रात पांढरे-काळे ठिपके येत, आवाजात खरखर येई, पण काहीतरी दिसे. माझ्या आईने कित्येक कन्नड नाटके अशी ठिपक्यांमधून पाहिली. निम्मे चित्र, निम्मी भाषा, आणि उरलेले ती मनाने भरी. आताच्या अंकीय प्रक्षेपणात ते नाही. एका मर्यादेच्या वर चित्र काचेसारखे स्वच्छ, जरा खाली गेले की काळा पडदा. अर्धवट ऐकण्याची सोयच राहिली नाही. आणि भाषा तर माणूस अर्धवट ऐकतच शिकतो. नातवाच्या फोनवर तर त्याला आवडते तेवढेच येते. त्या फोनला मोटर आहे आणि ती कायम त्याच्याकडेच वळलेली असते.

विहीणबाई २०१८ मध्ये गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मध्यावरच्या एलएनबीची टोपी उन्हाने तडकली म्हणून त्या पोराला पुन्हा बोलावले. आता त्याचे स्वतःचे दुकान आहे, पण आमच्याकडे तो स्वतः येतो. टोपी बदलता बदलता त्याने विचारले, “आता काय करायचं, सर? मधी कन्नडच ठेवू का मराठी घालू?”

मी काही बोलायच्या आत सूनबाई दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाली, “मराठी घाला मधी. पोराचं मराठी फारच अशक्त झालंय. शाळेत इंग्रजी, मित्रांत कन्नड, मराठी घरातच काय ते.”

पोरगा म्हणाला, “मग पावसात तुमचं जातंय, वैनी. ते अजून बेताचंच हाय, मी आता मोजलं.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “मी वाती वळीन.”

अण्णा जिन्यात उभे होते. त्यांनी हे ऐकले आणि ते काही बोलले नाहीत, ही त्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट. मी त्या पोराला विचारले, तीनाऐवजी चार फुटी छत्री घातली तर दोन्ही टिकतील का? तो म्हणाला, टिकतील, पण वाऱ्याचा जोर बसतो, खालचा कठडा भक्कम पाहिजे. मग तो वाकला आणि आमच्या गच्चीच्या जुन्या कठड्याला त्याने दोन-तीन ठिकाणी लाथ मारून पाहिली.